एक संगणक आणि दोन फेज

एकाच संगणकाला वीज पुरवणारे दोन पॉवर सप्लाय असले, आणि एकाची पिन एका फेजवर व दुसऱ्याची निराळ्या फेजवर लावली, तर संगणक जळेल काय? हा प्रश्न मला वर्षातून चार-सहा वेळा तरी विचारला जातो. विचारणारे नाना प्रकारचे असतात. कुणी पतसंस्थेचा चिटणीस असतो, कुणी छापखाना चालवतो, कुणी आमच्याच महाविद्यालयातला हौशी विद्यार्थी असतो. दोन फेजच्या वायरी एकमेकींना टेकल्या की केवढा भडका उडतो, हे त्यांच्यापैकी बहुतेकांनी रस्त्यावरच्या खांबावर पाहिलेले असते. तेच दोन फेज आपल्या टेबलाखालच्या पेटीत आणून सोडायचे, ही कल्पनाच त्यांना भयंकर वाटते.

माझे उत्तर असे असते, की संगणकाची काळजी करू नका, माणसाची करा. दोन फेज निराळे आहेत एवढ्याच कारणाने संगणकाला काही इजा होत नाही. धोका आहे, पण तो निराळ्या ठिकाणी आहे, आणि तिथे सहसा कुणी पाहत नाही.

मी विजेचा इंजिनिअर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी गणित शिकवतो. परंतु लहान गावातल्या महाविद्यालयात ज्याला बेरीज येते त्याच्याकडे जमाखर्च येतो, आणि ज्याला साइन-कोसाइन येते त्याच्याकडे संगणककक्षाची किल्ली येते. ती किल्ली कित्येक वर्षे माझ्या खिशात आहे. त्या निमित्ताने वायरमन मंडळींशी जे बोलणे होत गेले, त्यातून ह्यातले पुष्कळसे समजले. उरलेले कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहिले.

आधी फेज म्हणजे काय ते पाहू. गावातल्या रोहित्रापासून, म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात तिथून, चार वायरी निघतात. तीन फेजच्या आणि चौथी न्यूट्रलची. वायरमनच्या बोलीत लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेज, आणि काळा तो न्यूट्रल. तिन्ही फेजमधला विजेचा दाब सेकंदाला 50 वेळा वरखाली होतो. मात्र तिन्ही एकाच वेळी वर जात नाहीत. पहिला शिखरावर पोचून उतरू लागला की दुसऱ्याची पाळी येते, आणि त्यानंतर तिसऱ्याची. एकाच उखळावर तिघीजणी मुसळे घेऊन उभ्या राहिल्या म्हणजे एकीचे मुसळ खाली येते तेव्हा दुसरीचे वर चाललेले असते, तसाच हा प्रकार. दोघींत अंतर वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्याचे, म्हणजे 120 अंशांचे. 1891 साली जर्मनीत लाउफेनहून फ्रांकफुर्टपर्यंत 175 किलोमीटर वीज वाहून नेऊन दाखवली ती ह्याच पद्धतीने, आणि पुढे सगळ्या जगाने ती उचलली.

कोणताही एक फेज आणि न्यूट्रल ह्यांच्यामध्ये 230 व्होल्टचा दाब असतो. मग दोन फेजमध्ये किती? दुप्पट, म्हणजे 460 नव्हे, कारण दोघे एकमेकांच्या अगदी विरुद्ध नसतात. शून्यही नव्हे, कारण ते बरोबरीनेही चालत नाहीत. 230 ला तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे 1.732 ने गुणले की 398 येतात. व्यवहारात 400 म्हणतात. पूर्वी 415 म्हणत. आणि डीपीच्या खांबावर कवटीचे चित्र असलेली जी पाटी असते, तिच्यावर 440 हा आकडा आपण सर्वांनी वाचलेला आहे. ही पाटी ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता पॉवर सप्लायच्या पेटीत डोकावू. बाहेरून आलेली वीज तो पहिल्याच पायरीला डायोडमधून काढून सरळ करतो. उलटसुलट धावणारी वीज एकाच दिशेची होते आणि एका मोठ्या कपॅसिटरात साठते. साध्या सप्लायमध्ये तिथला दाब सुमारे 325 व्होल्ट असतो, कारण लाटेचे शिखर 230 च्या 1.414 पट उंच असते; नव्या सुधारलेल्या सप्लायमध्ये तो आणखी थोडा चढवून ठेवतात. फेजची ओळख पुसली जाते ती इथेच. एकदा जात्यातून पीठ पडले की गहू कुणाच्या शेतातला हे पिठाला सांगता येत नाही, त्याचप्रमाणे कपॅसिटरातली वीज लाल फेजची की निळ्या फेजची हे विचारण्यात अर्थ उरत नाही. पुढे ही साठवलेली वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे नेतात आणि तिचे 12 व्होल्ट करतात. ह्या ट्रान्सफॉर्मरची अलीकडची आणि पलीकडची तार एकमेकींना कुठेही टेकत नाही. वीज पलीकडे जाते ती चुंबकत्वाच्या वाटेने. संगणकात दोन सप्लाय एकत्र येतात ते ह्या 12 व्होल्टच्या बाजूला, आणि तिथे फेज नावाची वस्तूच शिल्लक नसते. सर्व्हर म्हणून जे मोठे संगणक विकतात, त्यांच्या पाठीमागे दोन पिना असतात त्या मुळी निरनिराळ्या ठिकाणी लावण्यासाठीच.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे चटकन पटत नाही, आणि त्याचे कारण मला समजते. त्याने मोटार जळताना पाहिलेली असते. तीन फेजच्या पंपाला दोनच फेज मिळाले, की मोटार घुमते, तापते आणि जळते. पण मोटारीत तिन्ही फेज मिळून एकच फिरते चुंबकीय क्षेत्र तयार करीत असतात. त्यांचे एकमेकांशी नाते बिघडले की काम बिघडते. पॉवर सप्लाय असे नाते मानीतच नाहीत. प्रत्येकाला आपला एक फेज आणि आपला एक न्यूट्रल मिळाला की पुरे. शेजारचा कोणत्या फेजवर आहे, ह्याची त्याला खबरही नसते.

मग माणसाची काळजी कशासाठी?

ती 440 ची पाटी आठवा. आतापर्यंत संगणकाच्या कपाटात 230 व्होल्ट होते. दुसऱ्या फेजची वायर तिथे आणली, की त्याच कपाटात, हातभर अंतरावर, 400 व्होल्टची जोडी तयार होते. 1956 च्या भारतीय वीज नियमांत 250 व्होल्टपर्यंत 'कमी दाब' आणि त्यापुढे 650 पर्यंत 'मध्यम दाब' असा भेद केला होता, आणि कवटीची पाटी लावण्याची सक्ती ह्या मध्यम दाबापासून सुरू होत असे. म्हणजे जी वस्तू खांबावर कवटीखाली राहत होती, ती आपण खोलीत आणली, आणि पाटी मात्र खांबावरच राहिली.

याहूनही वाईट गोष्ट अशी, की आता एक खटका बंद केल्याने कपाट निर्जीव होत नाही. ह्या बाबतीतली एक घटना मला ठाऊक आहे. एका संस्थेत सर्व्हरच्या कपाटातली पिना लावण्याची पट्टी बदलायची होती. वायरमनच्या हाताखालचा पोरगा, वय वीस-बावीस. त्याने मुख्य बोर्डावर 'सर्व्हर' असे लिहिलेला खटका खाली पाडला, पट्टीला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. समाधानाने त्याने स्क्रू काढले. शेजारी तशीच दुसरी पट्टी होती. तीही सैल करावी म्हणून त्याने तिला हात घातला. ती दुसऱ्या फेजवर होती आणि तिचा खटका जिन्याखालच्या निराळ्या बोर्डात होता. पोरगा स्टुलावरून फेकला गेला आणि मनगट मोडले, तेवढ्यावर निभावले. खटक्यावर 'सर्व्हर' असे लिहिणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते. अर्धे लिहिले होते.

म्हणून माझा आग्रह असा असतो, की दोन फेज आणायचेच असतील तर दोन्ही खटके एकाच बोर्डात, एकमेकांशेजारी ठेवावेत. प्रत्येकावर 'दोनांपैकी एक. दुसराही बंद करा' असे स्पष्ट मराठीत लिहावे. कपाटाच्या दारावर आतून-बाहेरून '400 व्होल्ट' अशी पाटी लावावी. दोन्ही बाजूंच्या वायरी निराळ्या रंगाच्या घ्याव्यात. पाटीला खर्च काय येतो? पण मी पाहिलेल्या दहा ठिकाणांपैकी दोन ठिकाणीदेखील ती नव्हती.

टेस्टरबद्दलही एक सांगितले पाहिजे. मीटर घेऊन दोन फेजच्या दोन वायरींमध्ये दाब मोजला तर 400 येतो. पण दोन्ही वायरी एकाच फेजच्या निघाल्या तर मीटर शून्य दाखवतो. हे शून्य पाहून कुणी वायरी मेलेल्या समजला तर घात आहे. त्या दोघीही जमिनीच्या हिशेबाने 230 व्होल्टवर जिवंतच असतात. मोजायचे ते प्रत्येक वायर आणि अर्थिंग ह्यांच्यामध्ये, आणि मोजायचे ते परवानाधारक वायरमनने. आपण शेजारी उभे राहून आकडा लिहून घ्यावा.

अर्थिंगचा विषय निघालाच आहे. संगणकाच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारख्या झिणझिण्या येतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. सप्लायच्या तोंडाशी खरखर अडवण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात, ते थोडी वीज पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर ती मुकाट्याने जमिनीत जाते. नसेल तर पत्रा 100-115 व्होल्टवर तरंगत राहतो आणि आपल्या बोटांची वाट पाहतो. दोन सप्लाय म्हणजे गळती दोन ठिकाणची. (गणितवाल्याला इथे एक गंमत दिसते. दोन्ही सप्लाय एकाच फेजवर असले तर गळतीची बेरीज दुप्पट होते. निरनिराळ्या फेजवर असले तर दोन सारख्या गळत्यांची बेरीज एकीएवढीच भरते, कारण मध्ये 120 अंश आहेत.) परंतु अर्थिंगच तुटलेले असेल तर ह्या गमतीचा काही उपयोग नाही. दोन्ही पिना तीन काड्यांच्या हव्यात, आणि दोन्हींचे अर्थिंग इमारतीच्या एकाच अर्थपट्टीला मिळालेले हवे. संगणकासाठी खास म्हणून अंगणात निराळा खड्डा खणून तो मुख्य अर्थिंगपासून अलग ठेवण्याची एक पद्धत आपल्याकडे पडली आहे. ती मला मान्य नाही. दोन अलग खड्ड्यांमध्ये दाबाचा फरक पडला तर तो संगणकाच्याच पत्र्यावर येऊन भांडतो.

आता न्यूट्रलकडे वळतो. माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. दोन फेजवर दोन सप्लाय लावणाऱ्या माणसाची समजूत अशी असते, की आपण दोन निरनिराळे आधार मिळवले. एक फेज गेला तर दुसरा आहेच. फेज जाणे हे आपल्याकडे नित्याचेच, त्यामुळे ही समजूत अगदीच चुकीची नाही. डीपीवरचा एक फ्यूज उडाला तर संगणक खरोखरच चालू राहतो. पण दोन्ही फेज एकाच रोहित्रातून आलेले आहेत, आणि दोघांची परतीची वाट एकच आहे. ती तुटली तर?

असे समजा, की मैदानाच्या मध्यभागी खुंटी ठोकली आहे आणि तिच्यात एक लोखंडी कडे अडकवले आहे. कड्याला तीन दोऱ्या बांधून तीन पोरे तीन दिशांना ओढत आहेत. एक पोर दांडगे, एक मध्यम, एक अशक्त. खुंटी घट्ट आहे तोवर तिन्ही दोऱ्यांची लांबी सारखी राहते. खुंटी उपटली की कडे दांडग्या पोराकडे सरकते. त्याची दोरी आखूड होते आणि अशक्ताची लांबते. खुंटी म्हणजे न्यूट्रल, पोरांचा जोर म्हणजे त्या त्या फेजवरचा भार, आणि दोरीची लांबी म्हणजे तिथला दाब. ज्या फेजवर गिझर आणि शेगड्या चालू आहेत तिथला दाब पडतो, आणि ज्या फेजवर बिचारा एकटा संगणक आहे तिथला चढतो.

किती चढतो? तिसरा फेज मोकळा आहे असे धरा. एका फेजवर 2000 वॅटचा गिझर, दुसऱ्यावर 200 वॅटचे किरकोळ सामान. न्यूट्रल तुटला की हे दोघे 400 व्होल्टला एकापाठोपाठ एक असे जोडले जातात. वाटणी होते ती अशी: गिझरला 36 व्होल्ट, आणि गरीब सामानाला 364. त्या 364 चे शिखर 515 व्होल्टपर्यंत जाते. सप्लायमधला मोठा कपॅसिटर बहुधा 400 ते 450 व्होल्ट सोसण्यासाठी केलेला असतो. एखाद्या रात्री सबंध गल्लीतले टीव्ही, फ्रिज आणि दिवे एकदम जळाले अशी बातमी आपण वाचतो, तिच्यामागे पुष्कळदा हा तुटलेला न्यूट्रलच असतो.

आता आपले दोन सप्लाय पाहा. एक हलक्या फेजवर होता, तो जास्त दाबाने फुटला. दुसरा गिझरच्या फेजवर होता, त्याला पुरेसा दाब मिळेना म्हणून तो बंद पडला. दोन आधार म्हणून जे घेतले, ते एकाच कारणाने एकाच क्षणी गेले. दोन फेज म्हणजे एकाच विहिरीवर बसवलेले दोन रहाट आहेत, दोन विहिरी नव्हेत.

म्हणूनच मला कुणी सल्ला विचारला तर मी म्हणतो, की दोन फेजच्या मागे लागण्यापेक्षा एक सप्लाय चांगल्या यूपीएसवर लावा आणि दुसरा सरळ भिंतीतल्या विजेवर लावा. तेवढे केले की दोन खरे आधार झाले. एक बॅटरीचा आणि एक रोहित्राचा. त्यानंतर ते निराळ्या फेजवर असले तर बरेच, नसले तरी चालेल. शिवाय मुख्य बोर्डावर, दाब ठरावीक मर्यादेपलीकडे चढताच पुरवठा तोडणारे रक्षक उपकरण बसवून घ्यावे. तीन फेजच्या जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज घातलेला आढळला, तर तो काढून तिथे पक्का जोड करून घेण्याचे काम वायरमनला त्याच दिवशी सांगावे. फेजचा फ्यूज उडाला तर अंधार होतो. न्यूट्रलचा उडाला तर जे वर सांगितले ते होते.

वायर वाचवण्यासाठी दोन्ही सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल ओढण्याचीही एक सवय आहे. तसे करू देऊ नये. एक तर एक सर्किट बंद करूनही त्याच्या न्यूट्रलमधून दुसऱ्याची वीज वाहत राहते, आणि काम करणाऱ्याने तो सोडवला की हातात ठिणगी येते. दुसरे म्हणजे 30 मिलिअँपिअरची गळती ओळखून तुटणारा जो आरसीसीबी असतो, तो गेलेली आणि परत आलेली वीज तोलून पाहतो. वीज एकातून गेली आणि दुसऱ्यातून परतली, तर त्याचा हिशेब जुळत नाही आणि तो वरचेवर पडतो. मग कंटाळून लोक आरसीसीबीच काढून टाकतात, आणि इतका वेळ जे बोललो ते सगळे फुकट जाते.

भाराचा हिशेबही पाहायला हवा. दोन्ही सप्लाय चालू असताना ते भार अर्धा-अर्धा उचलतात, आणि त्यातच फसगत होते. समजा कपाटातल्या सर्व यंत्रांचा मिळून भार साडेपाच हजार वॅट आहे. प्रत्येक फेजवर 12 अँपिअर पडतात; 16 अँपिअरचा खटका निवांत असतो. एक फेज गेला की सगळे 24 अँपिअर दुसऱ्यावर येतात. मग थोड्याच वेळात दुसरा खटकाही पडतो, आणि मोठ्या विश्वासाने घेतलेला आधार ऐन वेळी हात वर करतो. एकाच बाजूने सबंध भार सुखाने उचलता आला पाहिजे, हे पाहूनच यंत्रे वाढवावीत.

आता हौशी विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. बाजारातून दोन साधे सप्लाय आणून, ग्राफिक्स कार्डे चालवण्यासाठी ते एकाच संगणकात बसवण्याची टूम निघाली आहे. इथेही फेजची भीती नाही. पण सर्व्हरमधले सप्लाय खांद्याला खांदा लावून भार उचलण्यासाठी घडवलेले असतात, तसे हे नसतात. ह्या दोघांच्या 12 व्होल्टच्या पिवळ्या वायरी एकमेकींना कधीही जोडू नयेत. काळ्या वायरी मात्र जोडलेल्या हव्यात, म्हणजे दोघांचे शून्य एक होते. दोघे एकदम चालू व्हावेत ह्यासाठी तयार जोडपट्टी मिळते, ती वापरावी. एका कार्डाच्या बाहेरून द्यावयाच्या सगळ्या जोडण्या एकाच सप्लायमधून घ्याव्यात. आणि पत्र्याची पेटी उघडून सप्लायच्या आत बोट घालू नये. पिन काढल्यावरही त्या मोठ्या कपॅसिटरात वीज काही काळ मुक्काम ठोकून असते.

सगळी जोडणी झाल्यावर ती तपासायची कशी, तेवढे सांगून थांबतो. आपल्या सोयीचा एखादा सुटीचा दिवस निवडावा, सगळे काम साठवून ठेवावे आणि वायरमनला बोलवावे. त्याच्यासमोर आधी एक खटका पाडावा आणि अर्धा तास थांबावे. संगणक चालू राहतो का, उरलेल्या बाजूची वायर आणि पिन गरम होते का, हे पाहावे. मग तो खटका उचलून दुसरा पाडावा आणि पुन्हा अर्धा तास बसावे. शेवटी दोन्ही खटके पाडून दोन्ही पट्ट्यांवर प्रत्येक वायरीचा दाब अर्थिंगच्या हिशेबाने मोजून घ्यावा, आणि आकडे, तारीख व वायरमनची सही असा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा.